दुसऱ्या डिस्कवरचे दिगंबरराव

चार वर्षांत पहिल्यांदाच दिगंबररावांनी चहाला नावं ठेवली.

"पानी," ते म्हणाले. मग बराच वेळ काहीच नाही. मग, "हाये हे."

हेमलताबाई ओट्यावरच्या बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. हातातली लोणच्याची बरणी त्यांनी खाली ठेवली आणि वळून बघितलं. नवरा खिडकीपाशी नेहमीच्या खुर्चीत बसला होता. डाव्या हातात कप, उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला. खिशाला अडकवलेल्या बटणाएवढ्या स्पीकरमधून आलेला आवाज त्यांचाच होता, पण रोज सकाळी त्या स्पीकरमधून एकच वाक्य येई: "चहा छान झाला आहे, हेमलता." ते इतकं ठरलेलं होतं की हेमलताबाईंना आता ते ऐकूही येत नसे.

"काय म्हणालात?"

दिगंबररावांच्या कपाळावर घाम आला होता. ओठ डावीकडे किंचित ओढले गेले. "काई... नाई," स्पीकर म्हणाला.

 अर्धांगाच्या झटक्याच्या वेळीही बोलणं असंच तुटक झालं होतं. हेमलताबाईंनी धावत जाऊन नवऱ्याचा डावा हात दाबून बघितला, जीभ बाहेर काढायला लावली, डोळ्यांसमोर बोट फिरवलं. सगळं कालच्यासारखंच होतं. बिघाड माणसात नव्हता, मग कपाटावरच्या त्यांच्या बोलण्याच्या यंत्रात असणार. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की पहाटे सामान बांधताना कपाट पुढे ओढायचं म्हणून आपणच यंत्राची पिन काढली होती. बॅटरीवर चालेल असं समजून, चांगला तासभर; मग परत लावली होती.

दिगंबर वाघुळदे भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये तेहतीस वर्षं फिटर होते. इंजिनांच्या गोंगाटात बोलायची सवय असल्यामुळे ते घरीही शेडमध्ये असल्यासारखेच बोलत. बायको शाळेत गणित शिकवायची, म्हणून तिला ते 'मास्तरीण' म्हणत, आणि आमटीत मीठ कमी पडलं तरी गल्लीला कळत असे. निवृत्त झाले त्याच वर्षी मेंदूत रक्तस्राव झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजत सगळं होतं, वाचता येत होतं, फक्त तोंडातून शब्द म्हणून काही निघत नव्हतं. डाव्या हातानं लिहायला पाटी दिली तर ती बाजूला सारायचे. ते वर्ष हेमलताबाई कधी आठवत नसत.

त्यानंतर नागपूरच्या रुग्णालयात त्यांच्या मेंदूवर पोस्टाच्या तिकिटाएवढी एक जाळी बसवली. आपण बोलायचं मनात आणलं की मेंदूतून जीभ, ओठ, टाळू, गळा यांना हलण्याचे हुकूम सुटतात. दिगंबररावांच्या मेंदूतून ते अजूनही सुटत होते, पण वाटेतला पूल तुटला होता. जाळी ते हुकूम पुलाच्या अलीकडेच टिपायची आणि बिनतारी कपाटावरच्या यंत्राकडे पाठवायची. जेवणाच्या डब्याएवढं ते यंत्र हुकूम ओळखून त्यांचे शब्द करायचं. आवाज मात्र दिगंबररावांचा, त्यांच्या फोनमधल्या जुन्या निरोपांवरून घडवलेला. पहिलं वर्ष ते असे बोलले. फार हळू, एकेक शब्द जोर लावून. दहा-बारा वाक्यं झाली की थकून डोळे मिटायचे.

मग कंपनीनं नवी प्रणाली आणली. तिला कोट्यवधी मराठी वाक्यं पाठ होती. माणसानं पहिला-दुसरा शब्द काढला, की पुढे काय येणार याचा अंदाज ती बांधायची आणि अंदाज पक्का वाटला की थांबायचीच नाही; वाक्य पूर्ण करून टाकायची. एका दिवसात दिगंबरराव घडाघडा बोलायला लागले. शेजारपाजारचे बघायला आले. पुण्याला मुलगी शलाका फोनवर रडली. आणि दिगंबररावांचं बोलणंही कसं मऊ झालं होतं! आजारपणानं माणूस बदलतो, असं सगळे म्हणाले. हेमलताबाईंनाही तसंच वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडलं. चार वर्षांत घरात एक भांडण नाही.

त्यांनी जळगावला नसीमला फोन लावला. नसीम तडवी अशा यंत्रांची दुरुस्ती करायची. मूळची यावलकडची, चाळिशीला आलेली, कामाला एकदम चोख.

"काकू, घाबरू नका," सगळं ऐकून घेतल्यावर नसीम म्हणाली. "आत एक नाण्याएवढी बॅटरी असते, ती संपली असणार. यंत्राचा वीजपुरवठा चालू असतो तोवर ती संपलेली कळतच नाही. तुम्ही पिन काढली, मोठी बॅटरीही उतरली, आणि यंत्र सगळं विसरलं."

"विसरलं म्हणजे? ह्यांचं बोलणं पुसलं गेलं?"

"नाही, नाही. बोलणं डिस्कवर असतं, ते कुठे जात नाही. हे बघा, यंत्र चालू केलं की त्याला स्वतःचं काहीच ठाऊक नसतं. कुठल्या तरी डिस्कवरून प्रणाली वाचायची आणि मग उठून कामाला लागायचं. काकांच्या यंत्रात दोन डिस्क आहेत. दुसरीवरून उठायचं, असं मी चार वर्षांपूर्वी नोंदवून ठेवलं होतं. ती नोंद त्या छोट्या बॅटरीच्या जिवावर टिकून होती. ती गेली, आता यंत्र आपलं पहिली दिसेल ती डिस्क धरतंय."

"पहिलीवर काय आहे?"

"जुनी प्रणाली. पहिल्या वर्षातली. कंपनीनं पुसायला सांगितली होती, पण मी नवी डिस्क शेजारी बसवली आणि ती तशीच राहू दिली. काकांनी एवढी मेहनत घेतली होती तिच्यावर, हात धजला नाही." नसीमनं सुस्कारा सोडला. "आत्ता बटण दाबून बंद करा. दहा आकडे मोजा. चालू करताना खालचा बाण दाबून धरा, म्हणजे यादी येईल."

हेमलताबाई फोन कानाला धरून कपाटाकडे वळल्या. तेवढ्यात मागून स्पीकर बोलला.

"मले..."

त्यांनी वळून बघितलं. दिगंबरराव भिंतीशी रचलेल्या खोक्यांकडे बघत होते. रविवारी सामानाचा ट्रक येणार होता. शलाकाला सातवा महिना लागत होता. तिच्या आग्रहावरून दोघं कायमचे पुण्याला निघाले होते. एक तारखेपासून हे घर एका बँकेच्या अधिकाऱ्याला द्यायचं ठरलं होतं.

"नाई..." दिगंबरराव म्हणाले. गळ्याची शीर ताठ झाली होती. "जायचं..."

"काकू, केलं का बंद?" फोनमधून नसीमनं विचारलं.

हेमलताबाईंनी बटण दाबलं. स्पीकर गप्प झाला. दिगंबररावांचे ओठ अजून हलत होते.

यंत्राच्या झाकणावर हाताएवढा पडदा होता. त्यावर दोन ओळी उमटल्या. दोन्ही सारख्याच, एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या डिस्क. फक्त शेवटचे आकडे वेगळे. "सत्तेचाळीसवाली घ्या," नसीमनं सांगितलं. "आणि लवकर. अर्ध्या मिनिटात निवडलं नाही तर ते आपोआप वरचीच धरतं." हेमलताबाईंनी खालचा बाण दाबला, मग मधलं बटण.

तीन मिनिटांनी स्पीकर म्हणाला, "आता बरं वाटतंय. तुला त्रास झाला, हेमलता."

"अहो, मघाशी तुम्ही काय म्हणत होतात? तुम्हाला पुण्याला जायचंय ना?"

"मला शलाकाकडे राहायला आनंद होईल."

हेच वाक्य ते मार्च महिन्यातही बोलले होते. शब्द न् शब्द हेच.

नसीमनं शुक्रवारी येते म्हणून सांगितलं. तोपर्यंत यंत्र बंद करायचं नाही, असं बजावून तिनं फोन ठेवला. मधे दोन दिवस होते.

हेमलताबाईंना कुणाजवळ बोलायचं नव्हतं. शलाकाचा फोन आला तेव्हा त्या ट्रकबद्दल बोलल्या, उन्हाबद्दल बोलल्या, पारा सत्तेचाळीसवर गेलाय म्हणाल्या. चहाबद्दल आणि त्या तीन शब्दांबद्दल काहीच बोलल्या नाहीत. त्यांना पुण्याला जायचं होतं. लेकीचं पहिलं बाळंतपण, तिला हाताशी कुणी नाही. या घरात चार वर्षं त्या आणि हे खुर्चीतले दिगंबरराव, दिवसभर पंख्याचा आवाज. तिकडे माणसं असतील, बाळ असेल. गप्प बसलं तर रविवारी ट्रक येणार होता आणि सगळं सुरळीत होणार होतं.

पण नजर नवऱ्यावरून हलेना. गुरुवारी दुपारी त्यांनी विचारलं, "जेवायला काय करू?"

दिगंबररावांचे ओठ जरासे हलले, एखाद्या अक्षरापुरते. "तुला सोपं पडेल ते कर," स्पीकर म्हणाला. तो बोलत असताना दिगंबरराव खिडकीबाहेर बघत होते. शेजारच्या घरात रेडिओ लागला असावा तसे ऐकत होते.

"वांग्याचं भरीत करू? की खिचडीच टाकू?"

"तुला सोपं पडेल ते."

भाजलेल्या वांग्याचा वास घरात भरला की पूर्वी हा माणूस अंघोळ अर्धवट टाकून स्वयंपाकघरात यायचा. हेमलताबाईंनी खिचडी टाकली. जेवताना त्यांनी हळूच बघितलं, दिगंबररावांनी मिठाची वाटी स्वतःच डाव्या हातानं ओढून घेतली होती.

शुक्रवारी अकराच्या सुमारास नसीम आली. उन्हानं तोंड लाल झालेलं. तिनं पाणी प्यायलं, यंत्र उघडलं, चिमट्यानं जुनी बॅटरी काढली, नवी बसवली. पाच मिनिटांचं काम.

"आता कुठली डिस्क कायमची नोंदवायची ते सांगा, म्हणजे मी मोकळी," ती म्हणाली. "दुसरीच ना?"

 हेमलताबाई एकदम म्हणाल्या, "नसीम, दुसऱ्या डिस्कवर ह्यांचं बोलणं किती आणि यंत्राचं किती, हे कळतं का ग?"

नसीमनं त्यांच्याकडे रोखून बघितलं. "कळतं. सगळी नोंद असते त्यात. पण आजवर कुणी विचारलं नाही."

तिनं आपला लॅपटॉप जोडला. पडद्यावर वाक्यांच्या रांगा आल्या. काही शब्द काळे होते, काही फिकट करडे. काळे दिगंबररावांनी मनात खरोखर उच्चारलेले, करडे यंत्रानं ओळखून घातलेले. चार वर्षांपूर्वीच्या पानांवर निम्मेअधिक काळे होते. वर्षभरानं तिसरा हिस्सा. अलीकडच्या पानांवर काळं कुठे दिसतंय, ते शोधावं लागत होतं.

"असं का होत गेलं?"

"मेंदूलाही आयतं मिळालेलं आवडतं, काकू. आपण पहिलं अक्षर काढलं की काम होतं, हे कळल्यावर पुढचं तो काढतच नाही. यंत्र शिकत गेलं, काका सोडत गेले."

"मार्चमधलं एक वाक्य काढ. पुण्याचं."

नसीमनं शोधून काढलं. सबंध ओळीत एकच शब्द काळा होता: मला. तोसुद्धा कडेला अस्पष्ट. नसीमनं त्यावर बोट टेकवलं. "इथं बघा. काका 'मले' म्हणाले होते. यंत्राला ती बोली ठाऊक नाही, त्यानं दुरुस्त करून 'मला' केलं."

"आणि पुढे ते काय म्हणणार होते?"

"ते ह्यात नसतं. ते निघालंच नाही ना."

हेमलताबाई पलंगावर बसल्या. मार्चपासून बांधलेली ती सतरा खोकी एका शब्दावर उभी होती. त्यांनी खुर्चीकडे बघितलं. दिगंबरराव सगळं ऐकत होते.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमचं तुम्हीच सांगा. कुठली डिस्क ठेवायची?"

"तुम्हाला योग्य वाटेल ती ठेवा," स्पीकर लगेच म्हणाला.

नसीमला हसू आवरेना. "हे दुसऱ्या डिस्कचं उत्तर झालं. पहिलीला विचारून बघू." तिनं यंत्र बंद करून वरची ओळ निवडली. ते सुरू व्हायला तीन मिनिटं लागली. मग तिनं विचारलं, "काका, कोन्ती ठेवू?"

दिगंबररावांनी डोळे मिटून घेतले. मिनिटभरानं आवाज आला. "हे... हेच."

"बघा, प्रत्येकीला आपणच बरोबर वाटतो," नसीम म्हणाली आणि गंभीर झाली. "काकू, ही चार वर्षं बंद होती, एवढ्यात जाळीभोवतीची जागाही बदललीय. मेंदू ह्या भाषेत बोलायचं विसरलाय. हिच्या 'हेच'वर तरी मी किती विश्वास ठेवू? हीसुद्धा चुकू शकते. आणि रोज ही-ती असं करता येणार नाही. डॉक्टर म्हणतात, एक काय ती ठरवा, नाहीतर मेंदूचा गोंधळ उडतो. पहिली ठेवायची तर काकांना रोज सकाळी तासभर बसून वाक्यं म्हणावी लागतील, चार-पाच महिने. थकवा येईल. रागही येईल. बोलणं पूर्वीइतकं भराभर होणारच नाही कधी. मला विचाराल तर दुसरी सोयीची आहे. खरंच आहे."

हेमलताबाईंनी आयुष्यभर पोरांना समीकरणं शिकवली होती. जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरायचं नसतं, हे त्या फळ्यावर किती वेळा लिहीत. त्या उठल्या.

"नसीम, यंत्र बंद कर. कुठलीच डिस्क नको. नुसती यादी आण आणि यंत्र ह्यांच्या मांडीवर दे."

नसीमच्या ध्यानात आलं. तिनं अर्ध्या मिनिटाची मुदत काढून टाकली, दोन्ही ओळींपुढे मराठीत लिहिलं: 'जुनी, हळू, सगळे शब्द तुमचे' आणि 'नवी, भराभर, शब्द यंत्र पुरवतं'. यंत्र दिगंबररावांच्या मांडीवर ठेवून ती दाराशी जाऊन उभी राहिली.

हेमलताबाई खुर्चीसमोर जमिनीवर बसल्या. "हे बघा," त्या म्हणाल्या, "आत्ता तुमच्यातर्फे कुणी बोलणार नाही. मीही नाही. आणखी एक सांगते. दुसऱ्या डिस्कवरचा माणूस मला आवडायचा. तो भांडायचा नाही. त्याचाच फायदा घेऊन मी बुधवारी तुमचं बोलणं बटण दाबून बंद केलं आणि दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. ते मनात धरायचं तर धरा. पण निवडा तुम्ही."

दिगंबरराव पडद्याकडे बघत राहिले. सावकाश वाचत होते. डोळे एकदा वर, एकदा खाली जात होते. त्यांचा डावा हात बाणाच्या बटणांवर आला. पहिल्यांदा तो खालच्या ओळीवर गेला.  बोट तिथं बराच वेळ थांबलं. त्या चार वर्षांच्या सुखाचा मोह दिगंबररावांनाही असणारच, हे त्या क्षणी हेमलताबाईंना कळलं. मग बोटानं वरचा बाण दाबला. आणि मधलं बटण, गरजेपेक्षा जास्त जोरानं. शेडमध्ये ते पान्याला शेवटचा हिसका द्यायचे तसं.

तीन मिनिटं यंत्राची टिकटिक चालली. मग स्पीकर खरखरला.

"मले..." दिगंबरराव म्हणाले. "नाई... जायचं..."

हेमलताबाईंच्या जिभेवर आलं होतं, 'बरं बाई, नाही जायचं तर नाही जायचं.' त्यांनी ते गिळलं. नवऱ्याच्या गळ्याची शीर अजून ताठ होती. बाहेरून मालगाडी गेली, संपेपर्यंत गेली. नसीम दाराशी जागची हलली नाही.

"...घर... देऊन."

म्हणजे काय, ते कळायला हेमलताबाईंना थोडा वेळ लागला. "घर देऊन नाही जायचं? म्हणजे पुण्याला जायचं, पण घर ठेवायचं?"

दिगंबररावांनी मान हलवली. "पोरीकडं... जाऊ. मंग... वापस... येऊ."

"अहो मग हे आधी..." त्या बोलता बोलता थांबल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. बुधवारी त्यांना तीन शब्द ऐकू आले होते आणि बाकीचं वाक्य त्यांनी स्वतःच्या मनानं पूर्ण केलं होतं. यंत्रानं केलं नसतं इतकं चुकीचं.

"किती दिवसांनी परत यायचं?" त्यांनी विचारलं. "मी सांगून ठेवते, मला बाळ वर्षाचं होईपर्यंत तिथंच राहायचंय."

"दिवाई..."

"दिवाळीपर्यंतच? अजिबात नाही! बाळ दोन महिन्यांचं असेल तेव्हा."

"मंग... संक्रांत."

"होळी."

दिगंबररावांच्या चेहऱ्याची हलणारी बाजू वर ओढली गेली. "मास्तरीन... लय... हट्टी," स्पीकर म्हणाला. हेमलताबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते पदरानं पुसले आणि नसीमला सांगितलं, जेवल्याशिवाय जायचं नाही, आज भरीत आहे.

दुपारी त्यांनी शलाकाला फोन लावला आणि खोटं काही न घालता सगळं सांगितलं. शलाका चिडली. खोली रंगवून घेतली होती, बाबांसाठी न्हाणीघरात दांडे बसवले होते. "मार्चपासून बाबा हो म्हणताहेत आणि आज एकदम काय? आई, हे बाबांचं की तुझं?"

"बाबांचं. त्यांच्याशीच बोल. पण मधे बोलायचं नाही. कितीही वेळ लागला तरी."

फोन स्पीकरजवळ धरला. दिगंबरराव जोर लावू लागले. एक शब्द, मग शांतता. दुसरा शब्द, तोही चुकीचा निघाला, म्हणून परत. पलीकडे शलाका एकदा "बाबा, तुम्ही ठीक..." म्हणाली आणि गप्प झाली. दीड मिनिटानं वाक्य पुरं झालं: "शले, दांडे... राहू दे... मी येतो."

'शले' अशी हाक तिला सहा वर्षांत कुणी मारली नव्हती. पलीकडून बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "या. घर नका देऊ कुणाला. मी सांगते त्या बँकवाल्यांना."

रविवारचा ट्रक रद्द झाला आणि पुण्याला जाणं बाळंतपणापर्यंत पुढे गेलं. पुढचे महिने सोपे गेले नाहीत. रोज सकाळी नाश्त्याआधी दिगंबरराव यंत्रासमोर बसत आणि हेमलताबाई वही घेऊन शेजारी. कंपनीनं पाठवलेली वाक्यं होती, 'आज हवामान आल्हाददायक आहे' अशा धर्तीची. ती दिगंबररावांनी दुसऱ्याच दिवशी नाकारली. मग हेमलताबाईंनी शेडमधल्या जुन्या सोबत्यांना घरी बोलावलं, त्यांच्या गप्पा टिपल्या आणि त्यातली वाक्यं वहीत उतरवली. त्यातली काही वाचताना त्यांचेच कान तापत. यंत्र ती निमूट शिकत गेलं. नसीमनं पंधरवड्यानं पाहिलं तेव्हा दहातले सहा शब्द बरोबर येत होते, जुलैअखेर आठ. दिगंबरराव थकत, चिडत, एकदा तर त्यांनी खिशातला स्पीकर उपटून फेकला. हेमलताबाईही चिडत. त्या दोघांची आमटीवरून, पंख्यावरून, बातम्यांवरून पुन्हा भांडणं होऊ लागली; एकेक भांडण संपायला अर्धा तास लागे, कारण वाट बघावी लागे. वाट बघता बघता निम्म्या वेळा त्यांचा राग निघून जाई.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दोन बॅगा आणि ते डब्याएवढं यंत्र घेऊन दोघं पुण्याला गेले. घराची किल्ली शेजारी ठेवली.

दहाव्या दिवशी सकाळी शलाकाला कळा सुरू झाल्या. रुग्णालयात पोचल्यावर जावई तिला घेऊन आत गेला आणि कागदपत्रांचं काम या दोघांकडे आलं. खिडकीपाशी मोठी रांग होती. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "पेशंट तुमची कोण? नातं सांगा."

हेमलताबाई उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात दिगंबररावांनी डाव्या हातानं त्यांना थोपवलं. त्यांना स्वतःला सांगायचं होतं.

"मी..." स्पीकर म्हणाला.

बाईंनी वर बघितलं. चाकाची खुर्ची, मांडीवर डब्याएवढं यंत्र, एका बाजूला ओढलेला चेहरा. त्यांच्या ध्यानात आलं आणि त्या घाईघाईनं, मऊ आवाजात म्हणाल्या, "सासरे का? असू द्या आजोबा, मी लिहिते सा..."

"थांबा," हेमलताबाई म्हणाल्या. "ते सांगताहेत."

मागच्या माणसानं घड्याळात बघितलं. त्याच्या मागची बाई पुढे वाकून काय झालं ते बघू लागली. कुणीतरी चुकचुकलं. हेमलताबाई खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभ्या होत्या. त्यांना कसलीच घाई नव्हती. खिडकीतल्या बाईंनी कागदावर लिहिलेलं अर्धं अक्षर खोडलं आणि पेन तसंच उचलून धरलं.

"मी... तिचा..." दिगंबरराव म्हणाले, आणि सगळी रांग त्यांच्याकडे बघत राहिली. "...बाप."